ब्रोकोली आधी चिरा, मग थांबा, मग शिजवा. कॅप्सूलचं नंतर बघू

“ब्रोकोलीत सल्फोराफेन नसतंच,” असं मी फोनवर लेकीला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, “मग आई, चार महिने तू गिळत काय होतीस?”

रास्त प्रश्न होता. मी सव्वीस वर्षं औषध कारखान्याच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये काढली. लेबलवर लिहिलंय तेवढं औषध गोळीत आहे का, पोटात गेल्यावर ते सुटतं का, हे तपासायचं. नसेल तर अख्खी बॅच अडवायची. हेच काम. आणि निवृत्तीनंतर स्वतःसाठी ब्रोकोलीच्या अर्काच्या कॅप्सूल घेतल्या, तेव्हा मी बाटलीची मागची बाजू वाचलीसुद्धा नाही. पुढे ठळक अक्षरांत ‘सल्फोराफेन’, म्हणजे ज्याच्यासाठी ब्रोकोली नावाजली जाते तो पदार्थ; मागे मुंगीएवढ्या अक्षरांत ‘ग्लुकोराफॅनिन’. ही दोन नावं एका पदार्थाची नाहीत. दुसऱ्यापासून पहिला तयार होतो, आणि तो तयार करणारं तिसरं काहीतरी लागतं. ते माझ्या बाटलीत नव्हतं.

ते तिसरं काय, हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. दोन कप आणि थोडी मोहरी पुरते.

दोन कपांची परीक्षा

काळी किंवा तपकिरी मोहरी न भाजता ताजी दळा. दोन कपांत एकेक चमचा घाला. एका कपात गार पाणी, दुसऱ्यात उकळतं पाणी ओता, ढवळा आणि दहा मिनिटं विसरून जा. मग आधी उकळत्या पाण्याच्या कपाचा वास घ्या: कडवट, मवाळ, विशेष काही नाही. आता गार पाण्याच्या कपावर वाका. जपून. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि चष्मा काढून बसावं लागलं.

मोहरी तीच, पाणी तेवढंच. फरक कुठून आला? मोहरीच्या दाण्यात झोंबरेपणा तयार ठेवलेला नसतो. एका जागी ग्लुकोसिनोलेट नावाची गंधक असलेली संयुगं असतात, दुसऱ्या जागी मायरोसिनेज नावाचं एन्झाइम. दाणा दळला, ओला झाला की दोघांची गाठ पडते आणि आयसोथायोसायनेट तयार होतं. नाकात जातं ते हेच. झाडाच्या दृष्टीने ही अळीसाठी केलेली सोय आहे: तिने पान कुरतडलं की कप्पे फुटतात आणि तिचंच तोंड पोळतं. उकळत्या पाण्यात एन्झाइम मरतं, म्हणून दुसरा कप मुका राहिला.

कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, मुळा, नवलकोल, सलगम, अळीव या सगळ्यांत हीच व्यवस्था आहे. सगळी मोहरीच्या कुळातली भावंडं. चार पाकळ्या क्रॉससारख्या मांडलेल्या असतात, म्हणून या भाज्यांना क्रूसिफेरस म्हणतात. फक्त प्रत्येकीचं ग्लुकोसिनोलेट वेगळं. मोहरीत सिनिग्रिन, ब्रोकोलीत मुख्यतः ग्लुकोराफॅनिन. या ग्लुकोराफॅनिनवर मायरोसिनेजचं काम झालं की जे मिळतं ते सल्फोराफेन. म्हणजे ब्रोकोलीत असतो तो कच्चा माल. औषध तयार होतं तुमच्या सुरीखाली किंवा दाताखाली.

चिरल्यावर थांबायचं

हे एकदा डोक्यात बसलं की स्वयंपाकाचा क्रम आपोआप बदलतो. आपण काय करतो? तुरे सोडवतो आणि लगेच गरम भांड्यात टाकतो. कप्पे पुरते फुटायच्या आत एन्झाइम मेलेलं असतं.

मी आता असं करते. ब्रोकोली आधी धुते, चिरल्यानंतर नाही. चिरल्यावर धुतलं तर रस पाण्याबरोबर जातो. मग तुरे बारीक करते, वाटाण्याएवढे. दांडाही सोलून किसते. तो फेकून देणाऱ्यांचा मला राग येतो. हे सगळं ताटात पसरून चाळीस मिनिटं तसंच ठेवते. घड्याळ लावून. काम बरंचसं पहिल्या काही मिनिटांतच होतं, पण चाळीस मिनिटांत माझी बाकीची तयारी होते, म्हणून तो आकडा. तेवढ्यात तयार झालेलं सल्फोराफेन एन्झाइमइतकं नाजूक नसतं. थोडक्या वेळाच्या शिजवण्यात ते बरंचसं टिकतं. तासभर रटरटवलं तर मात्र तेही जाईल.

चाळीस मिनिटं नसतीलच तर वाफवा, पण तीन-चार मिनिटंच. ब्रोकोलीचा रंग झगझगीत हिरवा झाला की उतरवा. शेवाळी झाला म्हणजे उशीर झाला. वाफेवर आतला भाग सावकाश तापतो, त्यामुळे एन्झाइमचा काही हिस्सा वाचतो. पाण्यात उकडणं सगळ्यात वाईट. एकतर एन्झाइम मरतं, आणि वर ग्लुकोसिनोलेटही पाण्यात उतरतात. ते पाणी ओतून दिलं की उरतो चोथा. उकडायचंच असेल तर पाणी सूप म्हणून प्या. मायक्रोवेव्हमध्ये तापमान इतकं पटकन चढतं की एका मिनिटात खेळ आटोपतो.

फरक किती पडतो? नेदरलँड्समध्ये लोकांना २०० ग्रॅम ब्रोकोली एकदा कच्ची आणि एकदा शिजवून देऊन त्यांचं रक्त आणि लघवी तपासली होती. कच्ची खाल्ल्यावर सुमारे ३७ टक्के सल्फोराफेन शरीरात पोचलं, शिजवलेली खाल्ल्यावर ३.४ टक्के. दहापटीहून जास्त. भाजी तीच.

शिजवलेल्या ब्रोकोलीतूनही थोडं मिळतं, कारण आपल्या आतड्यातले काही जिवाणू एन्झाइमचं काम करतात. पण ते कुणाच्या पोटात किती, याचा भरवसा नाही. एकाच वजनाची भाजी खाऊन दोघांच्या लघवीत कितीतरी पटींचा फरक येतो. आणि प्रतिजैविकांनी हे जिवाणू घटले की ही वाटही जवळजवळ बंद होते.

आता माझी सगळ्यात लाडकी युक्ती. ती मोहरीच्या त्या पहिल्या कपात दडलेली आहे. एन्झाइम ब्रोकोलीचंच हवं असं काही नाही. कुळातल्या कोणाचंही चालतं. भाजी शिजली, खाण्याइतकी निवली, की वरून मोहरीची कच्ची पूड भुरभुरवा. इंग्लंडमध्ये २०१८ साली हे माणसांवर मोजलं गेलं: २०० ग्रॅम शिजवलेल्या ब्रोकोलीवर १ ग्रॅम तपकिरी मोहरीची पूड घातली, तर शरीरात पोचणारं सल्फोराफेन चार पटींहून जास्त झालं. एक ग्रॅम म्हणजे सपाट अर्धा छोटा चमचा. याहून स्वस्त सप्लिमेंट मला माहीत नाही.

यात दोनच चुका होतात, दोन्ही मी केल्या. पहिली, पूड वाफाळत्या भाजीवर घालणं. बोट टेकवता येईल इतकं निवू द्या. दुसरी, भाजलेली मोहरी वापरणं. तापलेल्या तेलात तडतडलेल्या मोहरीतही एन्झाइम उरत नाही, ती चवीपुरती. पूड जुनी असेल तर शंका येते, तेव्हा गार पाण्याचा कप करून बघावा. नाकाला झोंबली तर कामाची, नाहीतर नवीन दळावी. कच्चा मुळा किसून घातला तरी तेच काम होतं.

फ्रोझन ब्रोकोलीचं मला वाईट वाटतं. पाकिटात भरण्याआधी ती गरम पाण्यातून किंवा वाफेतून काढतात, नाहीतर साठवणीत तिचा रंग आणि चव बिघडते. त्यात मायरोसिनेजही जातं. ग्लुकोराफॅनिन मात्र असतं. तेव्हा पाकीटवाली असली की मोहरीची पूड सक्तीची समजा. चिरून थांबण्याचा तिथे काही उपयोग नाही.

बरणीतले मोड

१९९२ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पॉल टॅलले यांच्या गटाने ब्रोकोलीतून सल्फोराफेन वेगळं काढलं. पाच वर्षांनी त्याच गटाने दाखवलं की तीन दिवसांच्या ब्रोकोलीच्या मोडांत पूर्ण वाढलेल्या ब्रोकोलीच्या १० ते १०० पट ग्लुकोराफॅनिन असतं. बी सगळा साठा घेऊन निघतं. रोप वाढतं तसा तो पसरून पातळ होतो. म्हणून मोड.

मोड काढायला मुद्दाम मोडांसाठी विकलं जाणारं बी लागतं. पेरणीच्या बियाण्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं, बऱ्याचदा गुलाबी किंवा हिरवं दिसतं. ते खायचं नाही, धुऊनही नाही. लिटरभराच्या बरणीत दोन मोठे चमचे बी पुष्कळ होतं. मी पहिल्यांदा वाटीभर घातलं आणि तिसऱ्या दिवशी झाकणाला चिकटलेला, आत गरम झालेला गोळा निघाला. वासाविषयी न बोललेलं बरं.

बी धुवा, सहा ते आठ तास भिजवा. पाणी पूर्ण निथळा. बरणीच्या तोंडाला जाळीदार कापड बांधून ती तिरकी उपडी ठेवा, म्हणजे उरलेलं पाणी गळत राहतं. दिवसातून तीन वेळा पाणी घालून खळबळून पुन्हा निथळा. तिसऱ्या दिवशी मुळांभोवती पांढरा कापूस दिसेल आणि तुम्हाला बुरशी वाटेल. पाणी घालून बघा. कापूस मुळाला चिकटून नाहीसा झाला तर ते मुळांचे केस. तसाच राहिला, चिकट लागला, कुजका वास आला तर सगळी बरणी टाकून द्या. मन घट्ट करून टाका. गंधकाचा, मुळ्यासारखा वास येणं ठीक. तिसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत काढून फ्रीजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत संपवा.

यात एक बारकावा आहे, ज्याच्यात माझ्यातली प्रयोगशाळेची बाई खूश होते. मोडांत आणि ब्रोकोलीतही मायरोसिनेजच्या शेजारी एक आगाऊ प्रथिन असतं. ते मध्ये पडलं की ग्लुकोराफॅनिनपासून सल्फोराफेन न होता बराचसा भाग नायट्राइलमध्ये जातो, आणि ते नायट्राइल जवळजवळ निरुपयोगी. सुदैवाने हे प्रथिन मायरोसिनेजपेक्षा आधी उष्णतेला हार मानतं. साठ अंश सेल्सिअसच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवलं की प्रथिन मरतं, एन्झाइम जगतं, आणि मिळणारं सल्फोराफेन वाढतं. उकळत्या पाण्यात जवळजवळ तेवढंच साधं पाणी मिसळलं की तापमान साठाच्या आसपास येतं, पण थर्मामीटर लावा. अंदाजपंचे करायचं असेल तर हा उद्योग करू नका, मोड सरळ कच्चे चावून खा. साठ अंशांनंतर ते बारीक वाटून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं आणि मग प्यायचं. चव? घशाला जरा खरखरीत, मुळ्याच्या पानांसारखी. मी लिंबू पिळते.

मोडांची दुसरी बाजू गंभीर आहे. बी उगवायला जी ओल आणि ऊब लागते, तीच जिवाणूंनाही लागते. १९९६ साली जपानच्या साकाई शहरात हजारो शाळकरी मुलं ई. कोलायने आजारी पडली आणि संशय मुळ्याच्या मोडांवर गेला. २०११ साली जर्मनीत मेथीच्या मोडांमुळे जी साथ आली, तिच्यात पन्नासहून जास्त माणसं दगावली. जंतू बियाच्या आत-बाहेर असतात, धुण्याने जात नाहीत, आणि साठ अंशांचं पाणीही ही हमी देत नाही. गरोदर बाई, लहान मूल, खूप म्हातारं माणूस, केमोथेरपी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असलेला कोणी: यांनी कच्चे मोड खाऊ नयेत. त्यांच्यासाठी शिजवलेली ब्रोकोली आणि मोहरीची पूड, केमो चालू असेल तर तीही डॉक्टरांना विचारून.

एवढं करून मिळतं काय?

सल्फोराफेन हे स्वतः अँटिऑक्सिडंट आहे असं बऱ्याच ठिकाणी वाचाल. तसं नाही. ते शरीराला मारलेली हलकी टपली आहे. आपल्या पेशींत एनआरएफ-२ नावाचं प्रथिन असतं, त्याला कीप-१ नावाचं दुसरं प्रथिन धरून बसलेलं असतं. सल्फोराफेन कीप-१ला चिकटतं, पकड सुटते, एनआरएफ-२ पेशीच्या केंद्रकात जातं आणि विषारी पदार्थांचा निचरा करणारी एन्झाइमं तयार करायला लावतं. सल्फोराफेन स्वतः रक्तात दोन-तीन तासांत शिखर गाठून दिवसभरात बहुतेक लघवीवाटे निघून जातं. त्याने जागी केलेली एन्झाइमं त्याच्यापेक्षा जास्त टिकतात. म्हणून दिवसातून चार वेळा घेण्यात काही हशील नाही.

निचरा खरोखर वाढतो का, हे चीनमधल्या छीतुंग भागात तपासलं गेलं, जिथली हवा प्रदूषित आहे. २९१ लोकांना बारा आठवडे ब्रोकोलीच्या मोडांचं पेय किंवा दिसायला तसंच दुसरं पेय दिलं. मोडांचं पेय घेणाऱ्यांच्या लघवीतून बेंझीन या हवेतल्या विषारी पदार्थाचा निचरा ६१ टक्क्यांनी जास्त झाला. हा निकाल २०१४ साली आला आणि माझ्या मते या सगळ्या विषयातला हा सगळ्यात भक्कम पुरावा.

मधुमेहाचं चित्र अर्धवट आहे. २०१७ साली स्वीडनच्या संशोधकांनी टाइप २ मधुमेहाच्या ९७ रुग्णांना मोडांचा दाट अर्क बारा आठवडे दिला. ज्यांचं वजन जास्त होतं आणि साखर आटोक्यात नव्हती, त्यांची उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) उतरली. बाकीच्यांत फारसं काही नाही. सीओपीडी या फुप्फुसाच्या आजारात ८९ रुग्णांना चार आठवडे देऊन बघितलं, फुप्फुसांत काही हललं नाही. स्वमग्न तरुणांवरच्या २०१४ सालच्या छोट्या चाचणीने मोठी आशा दाखवली, नंतरच्या चाचण्यांत ती तशी टिकली नाही. ती बातमी वाचून मुलासाठी बाटली मागवायला निघालेल्या आईला मी थांबा म्हणेन.

कॅन्सरचं विचाराल तर या भाज्या जास्त खाणाऱ्यांत काही कॅन्सर कमी दिसतात, असं बऱ्याच पाहण्यांत आढळलंय. पण अशा पाहण्यांत भाज्या खाणारा माणूस एरवीही जपून राहणारा असतो. कॅप्सूलने कॅन्सर टळतो, असं माणसांवर सिद्ध झालेलं नाही. जी बाटली तसं म्हणते ती खाली ठेवा.

बाटलीची मागची बाजू

तरी कॅप्सूल घ्यायचीच असेल, भाजी सोसत नाही किंवा मिळत नाही म्हणून, तर ती बॅच तपासल्यासारखी तपासा. बाजारात ढोबळ चार प्रकार दिसतात. पहिला, नुसती वाळवलेली ब्रोकोलीची पूड. ‘५०० मिलिग्रॅम ब्रोकोली’ म्हणजे पाचशे मिलिग्रॅम भाजीची भुकटी, त्यात कामाचं किती ते लिहिलेलंच नसतं. ही ठेवून द्या. दुसरा, ग्लुकोराफॅनिन असलेला अर्क, एन्झाइमशिवाय. माझी बाटली ही. तिसरा, ग्लुकोराफॅनिनबरोबर मायरोसिनेज, बहुधा मोहरीच्या पुडीच्या रूपात, आणि कधी जोडीला थोडं क जीवनसत्त्व, कारण ते या एन्झाइमला चालना देतं. चौथा, तयार सल्फोराफेन स्थिर करून भरलेलं. उघडं सल्फोराफेन उष्णतेने आणि ओलीने बिघडतं, म्हणून त्याला सायक्लोडेक्स्ट्रिनसारख्या पदार्थात बसवतात.

मग आकडेमोड. ग्लुकोराफॅनिनचा रेणू जड आहे, सल्फोराफेन त्याच्या वजनाच्या साधारण ४० टक्के. म्हणजे १०० मिलिग्रॅम ग्लुकोराफॅनिनचं पूर्ण रूपांतर झालं, तरी ४० मिलिग्रॅमच सल्फोराफेन मिळणार. पण पूर्ण होत नाही. एन्झाइम नसेल तर सरासरी दहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ४ मिलिग्रॅम. एन्झाइम असेल तर पस्तीस ते चाळीस टक्के, म्हणजे १४ ते १६. माझ्या कॅप्सूलमध्ये ३० मिलिग्रॅम ग्लुकोराफॅनिन होतं, एन्झाइम शून्य. हिशेब लावला: रोज सव्वा मिलिग्रॅमसुद्धा धड नाही. चाचण्यांत मात्रा मायक्रोमोलमध्ये लिहितात. १०० मायक्रोमोल म्हणजे सुमारे १८ मिलिग्रॅम सल्फोराफेन. मी पंधराव्या हिश्श्यावर चार महिने काढले होते.

लेबलवर ‘सल्फोराफेन पोटेन्शियल’ असं लिहिलेलं असेल तर तो आदर्श परिस्थितीतला कमाल आकडा समजा. आणि बाहेरच्या प्रयोगशाळेने केलेल्या तपासणीचा अहवाल कंपनीकडे मागा. त्यावर बॅच नंबर असायला हवा, आणि तो तुमच्या बाटलीवरच्या नंबराशी जुळायला हवा. जो देत नाही त्याच्याशी वाद घालत बसू नका.

डीआयएम ही वेगळी गोष्ट आहे, आणि दुकानात ती शेजारीच ठेवलेली असते म्हणून सांगते. या भाज्यांतल्या ग्लुकोब्रासिसिनपासून इंडोल-३-कार्बिनॉल होतं आणि पोटातल्या आम्लात त्याचं डीआयएम बनतं. ते इस्ट्रोजेनच्या विल्हेवाटीचा मार्ग बदलतं, म्हणून ‘हार्मोन बॅलन्स’ म्हणून विकलं जातं. मार्ग बदलतो, हे मोजलेलं आहे. त्याने तुमचं काही बरं होतं, हे वेगळं सिद्ध करावं लागतं. २०१७ साली टॅमॉक्सिफेन हे स्तनाच्या कॅन्सरवरचं औषध घेणाऱ्या बायकांवर चाचणी झाली, तेव्हा डीआयएममुळे इस्ट्रोजेनचं ते गुणोत्तर सुधारलेलं दिसलं, पण त्याचबरोबर टॅमॉक्सिफेनची रक्तातली कार्यक्षम रूपं कमी झाली. म्हणजे ज्या औषधावर बाईचा जीव अवलंबून, त्यालाच कात्री. स्तनाच्या कॅन्सरचे उपचार चालू असलेल्या कोणीही डीआयएम मैत्रिणीच्या सांगण्यावरून घेऊ नये. डीआयएमने डोकेदुखी होते, लघवी गडद होते; लघवीच्या रंगाने घाबरू नका, पण डॉक्टरांना सांगा.

कोणी आधी विचारायचं

मी स्वतः थायरॉईडची गोळी घेते, त्यामुळे हा प्रश्न मला सगळ्यात आधी पडला. या भाज्यांतल्या एका ग्लुकोसिनोलेटपासून गॉयट्रिन बनतं, ते थायरॉईडच्या कामात अडथळा आणतं. भीती खोटी नाही, पण प्रमाण बघा. २०१० साली नोंदवलेल्या एका प्रसंगात ८८ वर्षांच्या बाईंना थायरॉईड पार मंदावून बेशुद्धावस्थेत दाखल केलं होतं. त्या कित्येक महिने रोज एक ते दीड किलो कच्चं बोक चॉय (कोबीच्याच जातीची चिनी पालेभाजी) खात होत्या. दुसरीकडे, छीतुंगमध्येच मोडांचं पेय चौऱ्याऐंशी दिवस घेणाऱ्यांच्या थायरॉईडच्या तपासण्यांत काही बदल झाला नाही. आहारात आयोडीन पुरेसं असेल आणि तुम्ही किलोने कच्चं खात नसाल, तर घाबरायचं कारण नाही. मी सुरुवातीला टीएसएच (थायरॉईडचं काम दाखवणारी रक्ततपासणी) तपासलं, तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं, फारसं हललं नव्हतं. गोळी मात्र उपाशीपोटीच घेते आणि बाकीचं सगळं बऱ्याच वेळाने.

माझ्या भावाला हृदयातली झडप बदलल्यापासून वॉरफरिन हे रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारं औषध चालू आहे. माझा उत्साह बघून त्याने रोज दोन वाट्या ब्रोकोली सुरू केली, मला न सांगता. महिन्याच्या तपासणीत आयएनआर खाली आला, म्हणजे रक्त लवकर गोठायला लागलं. १०० ग्रॅम ब्रोकोलीत साधारण १०० मायक्रोग्रॅम के जीवनसत्त्व असतं, म्हणजे जवळजवळ दिवसाची गरज. मोहरीच्या आणि केलच्या पानांत याहून पुष्कळ जास्त. वॉरफरिन नेमकं के जीवनसत्त्वाच्याच विरोधात काम करतं. त्याच्या डॉक्टरांनी भाजी बंद करायला सांगितली नाही, ठरावीक करायला सांगितली. आता तो आठवड्याला तेवढीच खातो, आणि बदल करायचा असला की आधी फोन करतो. मला नाही, डॉक्टरांना.

थिओफायलिन (दम्याचं), क्लोझापिन आणि ओलॅन्झापिन (मानसिक आजारांवरची) या औषधांची यकृतात जी विल्हेवाट लागते ती या भाज्या भरपूर खाल्ल्याने वेगवान होऊ शकते. पसाभर भाजीने नाही, पण कॅप्सूल सुरू करताना विचारा. केमो किंवा रेडिएशन चालू असेल तर आपणहून काहीही नको: एनआरएफ-२ चांगल्या पेशींचा बचाव करतं, तसंच कॅन्सरच्या पेशींचाही करू शकतं. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना भाजी खुशाल खा, अर्क नको.

पोट फुगणं हा किरकोळ त्रास, पण लोक त्यानेच सोडून देतात. दोन दिवसांआड अर्धी वाटी अशी सुरुवात करा, दोन आठवड्यांत वाढवा. कॅप्सूलने मळमळत असेल तर जेवणाबरोबर घ्या.

आणि काहीही सुरू करताना वहीत तारीख लिहा, आधीचा रिपोर्ट चिकटवा, बारा आठवड्यांनी तोच रिपोर्ट पुन्हा काढा. एका वेळी एकच गोष्ट बदला. मी ब्रोकोली, चालणं आणि नवीन उशी एकाच आठवड्यात सुरू केली होती, त्यामुळे मला झोप कशामुळे लागायला लागली ते आजतागायत कळलेलं नाही.

राहिली माझी बाटली. एकवीस कॅप्सूल उरल्या होत्या. टाकवेनात. एकेक उघडून गार पाण्यात सोडली, चिमूटभर मोहरीची पूड घातली, पंधरा मिनिटं झाकून ठेवली आणि नाक धरून प्यायले. एकविसाव्या दिवशी बाटली धुतली. आता तिच्यात मोहरीची पूड असते.